नसलेला स्क्रीन

सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर पहिल्यांदा कोसळलं तेव्हा वहिनीच्या तोंडात चहाचा घोट होता. तो तिने रागानेच गिळला. घसा पोळला, त्याचा राग वेगळा.

स्क्रीनवर एका मुलीचा वरचा जबडा होता. राखाडी, गुळगुळीत, मेणाचा केल्यासारखा. उजवीकडे सगळे दात जागच्या जागी. डावीकडे पुढचा दात, त्याच्या शेजारचा आणि सुळा, तिन्ही गायब. वहिनीने 'आरसा' नावाचं बटण दाबलं. त्या बटणाने उजवीकडचे दात उलटे होऊन डावीकडे येऊन बसतात आणि ते कसे दिसतील हे दाखवणारी एक छोटी विंडो शेजारी उघडते. विंडो काही उघडली नाही. स्क्रीन क्षणभर पांढराफटक पडला आणि जबड्यासकट सगळं सॉफ्टवेअर गडप झालं. मागे उरला फक्त डेस्कटॉपवरचा निळा डोंगर.

"मेल्या," वहिनी डोंगराला म्हणाली आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. पुन्हा आरसा. पुन्हा डोंगर.

दातांची लॅब घराच्याच मागच्या लांबट खोलीत होती. टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, वहिनीच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड. कवळ्यांच्या गुलाबी हिरड्या ज्या द्रावात कालवायच्या, त्याचा डोक्यात जाणारा वास. कोपऱ्यात दात कोरणारं मशीन. ते चालू झालं की लांब कुठेतरी कुणी दाताखाली ओठ दाबून रडतंय असं वाटायचं. तयार झालेल्या कॅप आणि कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम नवऱ्याचं. लॅब मात्र वन्संची, म्हणजे वहिनीच्या थोरल्या नणंदेची. वन्संनी लग्न केलं नाही, दात केले. सगळे दंतवैद्य त्यांना ताई म्हणत, आणि ताईंच्या हाताखाली काम करणारी म्हणून हिला वहिनी.

हाताखाली म्हणजे अगदी शब्दशः. लॅबमध्ये संगणक एक, पण स्क्रीन दोन आणि माऊसही दोन. उजवा वहिनीचा, डावा वन्संचा. बाण मात्र एकच. वहिनीने एखाद्या दाताची कड ओढायला घ्यावी आणि अर्ध्या वाटेत बाण तिच्या हातून निसटून डावीकडच्या स्क्रीनवर जावा. तिथे वन्सं तो दात केसभर इकडे, केसभर तिकडे करणार, आणि मग परत पाठवणार. "हं. आता घे पुढचा." इतक्या वर्षांत वहिनीने एकही दात सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केला नव्हता. लग्नातला हारसुद्धा वन्संनी तिच्या गळ्यात नंतर सरळ केला होता.

मग एका सकाळी वन्संचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. आता त्या लॅबच्या डाव्या भिंतीपलीकडच्या खोलीत पडून असत, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. वहिनी त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, केसांना तेल लावायची. सगळं मायेने करायची आणि करताना मनातल्या मनात भांडायचीही. समोरून उत्तर येत नसलं की भांडण संपतच नाही, तसं तिचं झालं होतं. वन्सं दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी तिने डावा माऊस उपटला आणि डावा स्क्रीन नवऱ्याच्या मित्राला देऊन टाकला. तो आता त्याच्यावर मॅच बघतो.

दुपारी दंतवैद्यबाईंचा फोन आला.

"वहिनी, तीन दातांचं कुठवर आलं? गुरुवारी बसवायचेत."

"होतील."

"होतील नको, झालेच पाहिजेत. ती कर्णबधिर मुलांना शिकवते, सांगितलंय ना मी? मुलं तिचे ओठ वाचतात. पडून दात गेल्यापासून ती मास्क लावून वर्गात उभी राहते. मुलं आपली कापडाकडे बघत बसतात. शुक्रवारपर्यंत मास्क निघाला नाही तर तिला ऑफिसात बसवणार आहेत, पगारपत्रकं करायला."

"तिचा हसतानाचा जुना फोटो मिळाला तर..."

"एकही नाही. पहिल्यापासून तोंड मिटूनच फोटो काढते म्हणे." बाईंनी आवाज कडक केला. "स्पष्टच बोलते. हे नीट झालं नाही तर पुढचं काम मी दुसरीकडे देईन. ताई होत्या तेव्हा मला असं विचारावं लागत नव्हतं."

"ताई आहेत अजून," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

संगणक दुरुस्त करणाऱ्याला सगळी गल्ली रिफ्रेश म्हणायची, कारण कशावरही त्याचा पहिला उपाय तोच. टक्कल, खांद्यावर बॅग आणि खिशात एकाला चार पेनं, ज्यांतलं एकही उमटत नसे. त्याने रिफ्रेश केलं. मग बंद करून चालू केलं. मग सेटिंग उघडलं आणि "हात्तिच्या!" म्हणाला.

स्क्रीनवर दोन चौकोन होते. एकावर एक लिहिलेलं, दुसऱ्यावर दोन. दोन नंबरचा एकच्या डावीकडे चिकटलेला.

"दुसरा स्क्रीन कुठाय?"

"देऊन टाकला."

"तुम्ही टाकलात, यानं नाही टाकला. याला वाटतंय, तो अजून आहे. ती आरशाची विंडो आपली जागा लक्षात ठेवते, कळलं? जागा तिकडची ठरलीय. सॉफ्टवेअर बिचारं तिकडे चित्र काढायला जातं, तिथे स्क्रीनच नाही, मग पडतं तोंडावर."

"पण ही विंडो आम्ही आजवर उघडलेलीच नाही," वहिनी म्हणाली. "वन्संनी हे बटण कधी दाबू दिलं नाही. माणसाचे दोन अर्धे सारखे नसतात म्हणायच्या. आरशातनं दात काढायचे तर दंतवैद्याकडे कशाला, न्हाव्याकडे जा."

रिफ्रेश हसला. "मग जागा कुणी ठरवली?"

वहिनी हसली नाही. त्याने दोन नंबरचा चौकोन काढून टाकला, विंडोच्या लक्षात असलेलं सगळं पुसलं, आणि आरसा दाबला. विंडो गुमान उघडली. तीन दात, उजवीकडच्यांची उलटी नक्कल, एकसारखे, देखणे. वहिनीने पोटभर बघून घेतले. एकदाचे माझे, असं तिच्या मनात आलं. कडा तेवढ्या सकाळी घासायच्या, मग मशीनला.

मंगळवारी सकाळी पुन्हा डोंगर.

या वेळी तिने सेटिंग स्वतःच उघडलं. दोन नंबर परत आला होता, पण काल होता तिथे नव्हता. काल तो एकच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आज बराच खाली उतरला होता, जमिनीजवळ ठेवल्यासारखा. आणि मोठा झाला होता. इतका मोठा, की शेजारी एक नंबर पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता.

"एवढा स्क्रीन बाजारात येत नाही," रिफ्रेश फोनवर म्हणाला. "भिंतच झाली की ती. काढून टाका ना."

तिने काढून टाकला. तिच्या डोळ्यांदेखत तो परत आला. काढला, आला. एखाद्या हट्टी माणसाला दाराबाहेर घालवावं आणि त्याने चप्पलसुद्धा न काढता परत आत यावं, तसं.

तिने माऊस डावीकडे रेटला. बाण स्क्रीनच्या कडेपाशी गेला, कडेतून पार झाला आणि दिसेनासा झाला. तिने माऊस उजवीकडे ओढला. बाण आला नाही. पुन्हा ओढला. आला, पण सावकाश, आढेवेढे घेत. कुणीतरी बोटाखाली धरून ठेवलाय आणि आता नाइलाजाने सोडतंय असा.

वहिनीने डावीकडे बघितलं. प्लास्टरच्या पुडीने भुरकी झालेली भिंत. भिंतीपलीकडे वन्संचा पलंग. पलंग बुटका होता.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात तसा, खरोखर, पायांकडून सुरू होऊन.

"पलंग पुढच्या खोलीत घ्या," तिने जेवायला आलेल्या नवऱ्याला सांगितलं.

"आत्ता? का?"

"हवा येते पुढे. रस्त्यावरची माणसं दिसतील त्यांना."

"ताईला माणसं कधी आवडली?"

"घ्या म्हटलं ना!"

दोघांनी मिळून पलंग हलवला. पुढची खोली लॅबच्या उजव्या अंगाला. वन्सं हलक्या झाल्या होत्या, पण नजर पूर्वीचीच जड. नवरा पलंग रस्त्याकडे तोंड करून लावत होता. वन्संनी मान वळवून घेतली, लॅबच्या बाजूच्या भिंतीकडे. वहिनीने त्यांची मान हळूच खिडकीकडे केली. त्यांनी परत भिंतीकडे केली.

"राहू दे तिला हवं तसं," नवरा म्हणाला.

"त्यांना हवं तसंच तर राहिलंय सगळं आजपर्यंत," वहिनी म्हणाली.

बुधवारी तिने सेटिंग उघडलं. दोन नंबरचा चौकोन उजवीकडे होता.

तिने आरशाचा नाद सोडला. आरशाची विंडो उघडायलाच नको, म्हणजे कोसळणं नको. तिन्ही दात हाताने करायचे. पुढचा दात केला, सुंदर झाला. शेजारचा करायला घेतला. कड ओढताना बाण निसटला.

हात माऊसवर तसाच होता. बाण मात्र स्क्रीनभर सरकत उजवीकडे गेला आणि कडेतून बाहेर पडला. त्याच्यामागोमाग शेजारचा दात गेला. ओढत नेल्यासारखा, हिरडीतून उपटून.

मग डोंगर.

सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं तेव्हा दात जागेवर होता. फक्त वळलेला. आतली कड किंचित पुढे, बाहेरची मागे. ओळीत उभ्या असलेल्या पोराने मान तिरकी करून फोटोवाल्याकडे बघावं तसा. वहिनीने तो सरळ केला. बाण गेला. डोंगर. उघडलं, दात तिरका. पुन्हा सरळ. पुन्हा तिरका.

"सोडा!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "सोडा म्हणते ना! एक दात! एक तरी दात करू द्या मला!"

ओरडणं ऐकून दारात नवरा आला. "कुणाशी बोलतेस?"

"तुमच्या बहिणीशी."

"ती झोपलीय." त्याने तिच्याकडे काळजीने बघितलं, आणि त्या काळजीने ती आणखीच भडकली. "तू पण पड जरा. मी बाईंना सांगतो, शुक्रवारी देऊ म्हणून."

"शुक्रवारी त्या पोरीला पगारपत्रकं करायला बसवतील! बाजूला व्हा."

ती पुढच्या खोलीत गेली.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. वन्सं झोपल्या नव्हत्या. टक लावून भिंतीकडे बघत होत्या. डावा हात चादरीवर पालथा, दोन बोटं जराशी उचललेली. एक बोट खाली टेकलं. उचललं. पंजा केसभर सरकला. पुन्हा टेकलं.

भिंत कोरी होती. तिच्यावर खिळासुद्धा नव्हता.

वहिनी वाकली. वन्संच्या बुबुळात एक उजळ चौकोन होता. चौकोनात तीन पांढरे ठिपके. मधला ठिपका हळूहळू वळत होता.

ती झटकन उठली आणि भिंतीच्या आणि पलंगाच्या मध्ये उभी राहिली. पाठीला उजेडाची ऊब लागल्यासारखं झालं. वन्संनी कपाळाला आठी घातली, उजेड अडवणाऱ्या माणसाला घालतात तशी.

"वन्सं," वहिनीचा आवाज फुटला. "तुमचं मी सगळं करते. तोंडात घास घालते, खालचं काढते, त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. पण तो दात माझा आहे. चुकला तर चुकला. माझी चूक तरी माझी असू द्या!"

वन्संनी सवयीने, बाजूला हो, अशी बोटं हलवली.

वहिनी बाजूला झाली. थेट लॅबमध्ये गेली, खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. करा. स्क्रीनवर बाण आपापला फिरत राहिला. शेजारचा दात वळला. त्याची कड अगदी बारीक घासली गेली. सुळा एवढासा आखूड झाला. पुढच्या दातावर बाण थोडा वेळ रेंगाळला, आणि तो देखणा, तिने केलेला दात, तोही किंचित बदलला. मग बाण आला आणि तिच्यासमोर, स्क्रीनच्या मधोमध थांबला. हं. आता घे.

काहीही कोसळलं नाही.

"ठीक आहे," वहिनी म्हणाली. "वेडावाकडा दात घेऊन जाऊ दे पोरीला. आरशात बघून रडू दे. बाई विचारतील तेव्हा सांगते, ताईंनीच केलाय." आणि तिने तिन्ही दात तसेच्या तसे मशीनला पाठवले. मशीन रडायला लागलं. त्या आवाजात तिला त्या पोरीची खरीखुरी आठवण झाली, वर्गातल्या मुलांची, कापडाकडे बघत बसलेल्या. थांबवायचं बटण हाताशी होतं. रागाने हात मांडीवरून उचलू दिला नाही.

गुरुवारी दुपारी ती फोनजवळ बसून होती. वाजला तेव्हा तिने तो उचलून कानापासून लांबच धरला.

"वहिनी!" बाईंचा आवाज लांबूनही ऐकू आला. "अहो, कसं काय केलंत? ती रडतेय इथे. तिचा दात पहिल्यापासून असाच होता, वळलेला. त्याचीच तिला लाज वाटायची, म्हणून तोंड उघडून फोटो काढला नाही कधी. तिच्या आईलासुद्धा आता आठवत नव्हतं कुठल्या बाजूला वळला होता ते. ती म्हणते, माझं तोंड मला परत मिळालं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अंदाज," वहिनी म्हणाली. बाई पुढे काय काय बोलत राहिल्या, पुढच्या कामांबद्दल, पण तिला ऐकू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कसलं हे तिला ठरवता येत नव्हतं. सुटल्याचं होतं. आणि हरल्याचंही.

रविवारी ती मुलगी स्वतःच आली. बारकी, तुरतुरीत, मास्क नसलेली. दारातूनच हसली, सगळे दात दाखवून, आणि तो वळलेला दात त्या हसण्यात इतका चपखल बसला होता, की वहिनीला तो सरळ केल्याची लाज वाटली.

"शुक्रवारी वर्गात गेले ना, मुलं टाळ्या वाजवायला लागली," ती म्हणाली. "एक जण उठून जवळ आला, दाताला बोट लावून बघितलं. खरा आहे का म्हणून!"

"चावली नाहीस ना त्याला?"

मुलगी खळखळून हसली. "तुम्हीच केलात ना हा?"

वहिनी हो म्हणणार होती. ओठांवर आलंही होतं. "ये आत," ती म्हणाली. "ज्यांनी केलाय त्यांना भेट."

मुलगी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली. वन्संनी भिंतीवरची नजर काढून तिच्या तोंडावर आणली आणि दात बघितला. बराच वेळ बघितला. त्यांचे ओठ हलले. अधूनमधून असे हलायचे. वहिनी पाण्याचा चमचा आणायला वळली.

"थांबा," मुलगी म्हणाली. "बोलताहेत त्या."

"आवाज गेलाय गं त्यांचा."

"आवाज कशाला लागतो?" मुलगी पुढे वाकली. वर्गातल्या मुलांसारखीच तिची नजर ओठांवर खिळली. "अर्धं तोंड हलत नाही, म्हणून जरा... हं. म्हणतात, 'हे झालं.'"

इतक्या वर्षांत वन्संनी एकाही दाताला झालं म्हटलं नव्हतं. दवाखान्यात पाठवतानासुद्धा म्हणायच्या, चालवून घेतील.

"विचार त्यांना," वहिनी चढ्या आवाजात म्हणाली. मऊ आवाज काढायला गेली असती तर रडली असती. "मी एवढी वर्षं शेजारी बसले. माझ्याबद्दल काही म्हणायचंय का, विचार."

विचारावं लागलं नाही. वन्संनी मान वळवली. त्यांची नजर वहिनीच्या कपाळावर आली, नाकावरून खाली उतरली, ओठांपाशी थांबली, हनुवटीला वळसा घालून आली. प्लास्टरचा ठसा उजेडात धरून बघायच्या तशी.

चादरीवरची दोन बोटं उचलली गेली.

"काय म्हणतात?" वहिनीने विचारलं.

मुलगी गोंधळली. तिने पुन्हा नीट बघितलं.

"म्हणतात, 'हलू नकोस.'"

वहिनीला फाडकन काहीतरी बोलायचं होतं. शब्द तयार होते. पण तिच्या खालच्या ओठाचा डावा कोपरा केसभर वर गेला होता, आणि आता तिथेच, अलगद, पक्का होत होता.